न्यायालयाचे पाय

न्यायसभा ही एक देहच आहे, अशी कल्पना करून बृहस्पतिस्मृतीने तिची दहा अंगे सांगितली आहेत. राजा, प्राड्विवाक म्हणजे मुख्य न्यायाधीश, सभ्य, स्मृतिग्रंथ, गणक, लेखक, सुवर्ण, अग्नी, उदक आणि दहावा स्वपुरुष. राजा हे मस्तक, न्यायाधीश हे मुख, सभ्य हे बाहू अशी ही मांडणी पुढे सरकते आणि स्वपुरुषापाशी येऊन संपते. स्वपुरुष म्हणजे पाय. वादी, प्रतिवादी, साक्षीदार यांना सभेपुढे आणण्याचे काम त्याचे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या दहा अंगांचे विवेचन केले आहे. आज ज्याला आपण बेलिफ म्हणतो, तो या स्वपुरुषाचाच वंशज.

न्यायसंस्थेच्या मस्तकाविषयी आणि मुखाविषयी आपल्याकडे उदंड लिहिले जाते. न्यायाधीशांची निवड कोणी करायची, २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवलेला नियुक्ती आयोग योग्य होता की कॉलेजियम, यावर परिसंवाद होतात, अग्रलेख लिहिले जातात. ते व्हायलाच हवेत. पण निकालाचा कागद हाती घेऊन जो माणूस प्रत्यक्षात नागरिकाच्या दारात उभा राहतो, त्याची नेमणूक कशी होते आणि त्याला पैसे कोण देतो, हा प्रश्न मी तरी कोणत्याही व्यासपीठावर ऐकलेला नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणत आलो. पायरी चढून, खटला जिंकून, खाली उतरलेल्या माणसाचे पुढे काय होते, याबद्दल ही म्हण काही सांगत नाही.

ते मी २०११ साली पाहिले. माझे मामा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांच्या वडिलोपार्जित घराच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या. दावा चौदा वर्षे चालला. हुकूमनामा मामांच्या बाजूने झाला, अपिलातही टिकला. मग अंमलबजावणीची दरखास्त दाखल झाली आणि अखेर कब्जा वॉरंट निघाले. आता सारे संपले, अशा समजुतीने मी मदतीला गेलो. आदल्या संध्याकाळी वकिलांच्या कारकुनाने कामाची यादीच सांगितली. "गाडी सांगून ठेवा. कुलूप तोडणारा माणूस बरोबर घ्या. दोन पंच तुमचे तुम्हीच आणा. आणि बेलिफसाहेबांचं तेवढं बघा." शेवटचे वाक्य त्याने आवाज जराही न बदलता उच्चारले. गाडी, कुलूपवाला आणि पंच यांच्याइतकीच ती एक व्यवस्थेची बाब होती.

बेलिफ पन्नाशीचे गृहस्थ होते. खांद्याला कापडी पिशवी, पायांत झिजलेल्या चपला, बोलणे अत्यंत अदबीचे. गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "साहेब, यात आज अकरा कागद आहेत, पाच गावांचे. गुरुजींची गाडी मिळाली म्हणून वाटेवरचे दोन उरकतील. एरवी एका गावाला एसटीनं जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो." खरोखरच वाटेत दोन ठिकाणी गाडी थांबली. कुणा अनोळखी पक्षकारांची दोन समन्से माझ्या मामांच्या पेट्रोलवर बजावली गेली. कब्जा दुपारपर्यंत मिळाला. पंचनाम्यावर सह्या झाल्या, किल्ली मामांच्या हाती आली. परतताना मी पाचशेची नोट पुढे केली. त्यांनी ती न पाहता खिशात ठेवली. मला का कोण जाणे खोडी काढावीशी वाटली. मी विचारले, "याची पावती?" ते हसले नाहीत. "पावती नाझरसाहेबांकडे, साहेब. ती तुम्ही आधीच फाडलीय."

त्या उत्तरातच सारा विषय आलेला आहे.

पावती खरोखरच फाडलेली होती. दावा दाखल करणारा प्रत्येक पक्षकार कोर्ट फीखेरीज समन्स, नोटीस, वॉरंट यांच्या बजावणीसाठी प्रोसेस फी भरतो. बोलीभाषेत आपण त्याला 'भत्ता भरणे' म्हणतो. ही पद्धत इंग्रजी अमदानीतली. १८७० च्या कोर्ट फी कायद्याने बजावणीच्या फीचे आणि ते काम करणाऱ्या शिपायांच्या मोबदल्याचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला दिला आणि किती शिपाई ठेवायचे हे ठरवण्याचे काम जिल्हा न्यायाधीशांवर सोपवले. आपल्या राज्यात पुढे १९५९ साली स्वतंत्र कोर्ट फी कायदा झाला, तरी मूळ कल्पना तीच राहिली. पक्षकाराने पैसे न्यायालयात भरायचे, बजावणी करणाऱ्याला पगार सरकारने द्यायचा, आणि दोघांमध्ये पैशाचा व्यवहार असता कामा नये.

ही कल्पना किती मोलाची होती, हे कळण्यासाठी त्याआधीची पद्धत पाहावी. पेशवाईत बोलावणे घेऊन जाणाऱ्या शिपायाचा खर्च ज्याच्याकडे तो गेला त्याच्याचकडून वसूल होई. त्याला 'मसाला' म्हणत. देणे चुकवणाऱ्याच्या दारी 'मोहसल' बसवला जाई आणि त्याच्या जेवणाखाण्याचा भार त्या घरावर पडे. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात वसुलीसाठी लावल्या जाणाऱ्या तगाद्याचे वर्णन आहे. रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा निःस्पृह न्यायाधीश आपल्याला लाभला, याचा अभिमान आपण बाळगतो आणि तो सार्थच आहे. पण न्यायासन निःस्पृह असले, तरी दाराशी येणारा शिपाई ज्याच्या अन्नावर आहे त्याच्याकडे पाहूनच पाऊल टाकतो. आपल्या परंपरेचे गुणगान करताना हा दोष झाकण्याचे कारण नाही. त्या बाबतीत पगारी शिपायाची पद्धत निःसंशय अधिक न्याय्य होती. खेद इतकाच की कागदावर गेलेला मसाला व्यवहारात परत आला. फरक एवढाच की पूर्वी तो हरणाऱ्याकडून घेतला जाई, आज तो जिंकणाऱ्याला द्यावा लागतो.

आता नेमणुकीकडे वळू. बेलिफ हा जिल्हा न्यायालयाच्या आस्थापनेवरचा कर्मचारी. त्याची नेमणूक जिल्हा न्यायाधीश करतात आणि त्याचे दैनंदिन काम नाझर वाटून देतो. मुंबईत उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेचे असेच काम शेरीफच्या कार्यालयातले बेलिफ पाहतात. ज्यांना आपण मुंबईचे नगरपाल म्हणून समारंभांत पाहत आलो, त्यांच्या मानाच्या पदाखाली हे अगदी निराळे, धुळीतले काम चालते. जिल्हा न्यायालयांच्या भरतीच्या जाहिराती वाचकांपैकी अनेकांच्या घरी मुलांनी कापून ठेवलेल्या असतील. २०१८ साली ८,९२१ पदांची आणि २०२३ साली ४,६२९ पदांची जाहिरात निघाली. दोन्हींत पदे तीनच होती : लघुलेखक, कनिष्ठ लिपिक, शिपाई अथवा हमाल. बेलिफ हे पद त्यांत नव्हते. ते बहुतांशी आतूनच, शिपाई-हमालांच्या बढतीतून भरले जाते. शिपाई होण्यासाठी अट सातवी उत्तीर्ण आणि सुदृढ शरीरयष्टी अशी.

बढतीला माझा आक्षेप नाही. आयुष्यभर न्यायदालनाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला वर जाण्याची वाट असलीच पाहिजे, आणि शिक्षण कमी म्हणून प्रामाणिकपणा कमी, असे म्हणणे तर उद्धटपणाचे ठरेल. प्रश्न असा आहे की हा माणूस काय करायला निघाला आहे, याचा विचार करून त्याला तयार कोण करतो?

दिवाणी प्रक्रिया संहिता उघडून पाहिली म्हणजे छाती दडपते. कलम ६० म्हणते की ऋणकोची अंगावरची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते जप्त करता येत नाहीत. स्त्रीच्या अंगावरचे जे अलंकार धर्माचाराप्रमाणे उतरवता येत नाहीत, तेही नाहीत. मंगळसूत्र त्यांत आले, हे कोणीही सांगेल. पण शिवणयंत्र हे कारागिराचे हत्यार की चैनीची वस्तू? घरातली दुसरी, तिसरी पातेली भांडी की संपत्ती? बाहेर गर्दी जमलेली, आत बायका रडताहेत, धनकोचा माणूस कानाशी कुजबुजतो आहे, अशा वेळी हा निर्णय प्रथम उंबऱ्यावर बेलिफाला घ्यावा लागतो. न्यायाधीश तो नंतर तपासतील. अटकेचे वॉरंट असेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. कब्जा देताना कडी-कुलूप काढता येते, प्रसंगी दरवाजाही फोडता येतो. परंतु आत पडदा पाळणारी स्त्री असेल तर आधी तिला निघून जाण्यास पुरेसा अवसर दिला पाहिजे. प्रतिवादीने समन्स नाकारले अथवा शोध घेऊनही तो सापडला नाही, तर प्रत दारावर चिकटवायची आणि कोणासमक्ष, किती वाजता, कशी चिकटवली याचा अहवाल लिहायचा. या चार ओळींच्या अहवालावर एकतर्फी निकाल होऊ शकतो. माणसाचे घर जाऊ शकते.

म्हणूनच खोटा अहवाल ही क्षुल्लक बाब नाही. 'घर बंद आढळले', 'सदर इसम मिळून आला नाही', ही वाक्ये तालुक्याच्या चहाच्या टपरीवरही लिहिता येतात. ती लिहिण्यामागे कधी प्रतिवादीने दिलेली नोट असते, तर कधी नुसती चुकलेली एसटी असते. दोन्हींचा कागद दिसायला सारखाच. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात कोणी बेलिफ अडकल्याची बातमी आपण अधूनमधून वाचतो आणि 'हे असेच' म्हणून पान उलटतो. लाच घेणाऱ्याची बाजू मी घेत नाही. परंतु जिथे योग्य खर्चाचीही पावती मिळत नाही, तिथे खर्च आणि लाच यांच्यातली रेघ पुसली जाते, आणि मग ज्याला सज्जन राहायचे आहे त्याला आपण सज्जन आहोत हे सिद्धही करता येत नाही. मामांच्या गाडीतल्या त्या गृहस्थांना मी दिलेले पाचशे काय होते? एसटीचे भाडे, दुपारचे जेवण, कृतज्ञता, की लाच? मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्यांनाही आले नसते.

याचा परिणाम आकड्यांत पाहायचा तर तोही उपलब्ध आहे. हुकूमनामा मिळाल्यावरच पक्षकाराच्या खऱ्या हालांना आरंभ होतो, अशा आशयाचे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली केले होते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा आदेश दिला, मार्च २०२५ मध्ये पुन्हा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आढावा घेतला तेव्हा देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे दिसून आले. त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला, सुमारे ३ लाख ४१ हजार. म्हणजे जिंकलेले आणि तरीही रिकाम्या हाताने बसलेले इतके लोक एकट्या आपल्या राज्यात. हे सारे बेलिफांमुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्थगिती आहे, त्रयस्थाच्या हरकती आहेत, मालमत्ता लपवणारे ऋणको आहेत. पण यांतल्या प्रत्येक दरखास्तीला कधी ना कधी उंबऱ्यापर्यंत जावेच लागते, आणि तिथे जाणारे पाय कोणाचे, हे वर सांगितले.

याच देशात दुसऱ्या एका वर्गासाठी वेगळी वाट निघाली आहे. २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये बँकेला तारण मालमत्तेचा कब्जा हवा असेल तर ती जिल्हा दंडाधिकारी अथवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करते. त्या कामी वकिलाला आयुक्त म्हणून नेमता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईतल्याच एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. असा आयुक्त नेमला गेला की त्याचे मानधन आदेशाने ठरते आणि त्याचा हिशेब राहतो. बँकांना हे मिळाले याबद्दल तक्रार नाही. त्यांत ठेवीदारांचाच पैसा असतो. पण बँकेच्या कब्जासाठी जो उघड व्यवहार शक्य होतो, तो माझ्या मामांसारख्या निवृत्त शिक्षकाच्या दोन खोल्यांसाठी का शक्य होऊ नये?

उपाय शोधले गेलेच नाहीत, असे नाही. २००२ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने समन्स स्पीड पोस्टने, कुरिअरने, ई-मेलनेही पाठवण्याची वाट मोकळी केली. कुरिअरवाल्याने खोटे शेरे मारले तर काय, ही भीती २००५ च्या सेलम वकील संघाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे आलीच होती. अलीकडे ई-न्यायालय प्रकल्पात बेलिफांच्या हाती भ्रमणध्वनी देण्यात आला आहे. समन्स बजावल्याचे ठिकाण उपग्रहाच्या साहाय्याने नोंदले जाते, छायाचित्र आणि स्वाक्षरी घेतली जाते. टपरीवर बसून लिहिलेल्या अहवालांना यामुळे निश्चित आळा बसेल, आणि मी या सुधारणेचे मनापासून स्वागत करतो. मात्र बेलिफ कुठे पोचला, हे यंत्र सांगते. तो कोणाच्या गाडीने पोचला, हे सांगत नाही. शिवाय जप्ती आणि कब्जा ई-मेलने होत नाहीत. तिथे माणूसच जावा लागतो.

न्यायालयीन कर्मचाऱ्यांचा विचार झाला तो न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी आयोगात. १९९६ साली नेमलेल्या या आयोगाने न्यायाधीशांच्या वेतनाविषयी १९९९ मध्ये अहवाल दिला. कर्मचाऱ्यांचा अहवाल आला २००३ साली, आणि त्याच्या अंमलबजावणीचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबर २००९ मध्ये झाला. मस्तकाचा विचार आधी आणि पायांचा दहा वर्षांनी, असा हा क्रम. बेलिफांना आता वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळतो. ते उपाशी आहेत, असे चित्र रंगवणे खोटे ठरेल. अडचण पगाराची नसून फिरतीच्या खर्चाची आहे. पगार महिन्याचा असतो, खर्च प्रत्येक कागदाचा असतो. पाच गावे आणि अकरा कागद यांचा हिशेब ठरावीक भत्त्यात बसत नाही. मग तो गुरुजींच्या गाडीत बसतो.

माझ्या मते सुरुवात नाझरच्या खिडकीपासून व्हावी. अंतर, वाहन, कुलूपवाला, पंचांचा वेळ यांचा वास्तव खर्च न्यायालयाने आकारावा, छापील पावती द्यावी आणि त्यातून त्या त्या दिवसाचा प्रवासखर्च बेलिफाला त्याच आठवड्यात चुकता करावा. फी वाढली म्हणून पक्षकार ओरडतील, असे कोणी म्हणेल. आज तो पावतीशिवाय त्याहून अधिक देतोच आहे. गरिबाला माफी देण्याची तरतूद कायद्यात आहेच. पक्षकाराच्या वाहनात बेलिफाने बसण्याची प्रथा मात्र एका परिपत्रकासरशी बंद व्हायला हवी आणि तालुक्याच्या न्यायालयाला बजावणीसाठी निदान एक वाहन मिळायला हवे. वादीच्या गाडीतून उतरणारा अधिकारी प्रतिवादीला निःपक्षपाती कसा वाटणार? मामांचे भाडेकरू त्या दिवशी दारात उभे राहून आमच्याकडे पाहत होते. न्यायालयाचा माणूस आला, असे त्यांना वाटले असेल की मास्तरांचा माणूस आला, असे? बढती द्यायची तर खुशाल द्यावी, पण बेलिफाचे काम हाती देण्यापूर्वी काही आठवड्यांचे रीतसर प्रशिक्षण आणि कलम ६० पासून पंचनाम्यापर्यंतची परीक्षा घ्यावी. न्यायाधीशांसाठी उत्तनला अकादमी आहे. तिथल्या एखाद्या वर्गात वर्षातून काही दिवस हे लोक बसले, तर इमारतीला कमीपणा येणार नाही.

आणि आपले काय? आपण मध्यमवर्गीय माणसे भ्रष्टाचारावर तावातावाने बोलतो आणि वॉरंटाच्या दिवशी पाकिटात सुट्ट्या नोटा वेगळ्या काढून ठेवतो. त्याला 'चहापाणी' म्हणतो. वकील मंडळींना ही रीत पाठ असते. आपल्या परिचयातले अनेक कार्यकर्ते वकिली करतात, बार असोसिएशनमध्ये पदाधिकारी आहेत. जिल्हा न्यायाधीशांची भेट घेऊन बजावणीच्या खर्चाचा तक्ता नाझरच्या खिडकीबाहेर लावून घेणे, हे त्यांच्या आवाक्यातले काम आहे. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.

मामा २०१६ साली गेले. त्यांच्या कागदपत्रांत एक जुनी वही सापडली. दाव्याचा चौदा वर्षांचा खर्च त्यांनी शिक्षकी अक्षरात तारखेवार मांडलेला होता : कोर्ट फी, वकील फी, नकला, प्रोसेस फी, प्रत्येकापुढे पावतीचा क्रमांक. शेवटच्या पानावर गाडीभाडे आणि कुलूपवाला होते. त्याखाली 'बेलिफ, रु. ५००' असे लिहून त्यांनी पुढचा रकाना रिकामा सोडला होता.